वगळलेल्या चौदा ओळी

“तुझ्या यादीत तुझा बापूस हाय, मी नाय,” असं आई फोनवर म्हणाली तेव्हा गुरुवारची दुपार होती आणि माझ्या डब्यातली भेंडी अर्धी संपली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. आईच्या रागाला उत्तर द्यायची मला लहानपणापासून सवय आहे. ती नुसती सांगत होती, आज नळाला पाणी नाही असं सांगावं तसं. मी विचारलं, कसली यादी? आणि विचारता विचारताच मला कळलं होतं कसली. माझ्या माहेरच्या, मोऱ्याच्या मच्छीमार सोसायटीसाठी नवीन वेब ॲप्लिकेशन करतंय ते आमचंच ऑफिस, आणि जुन्या कॉम्प्युटरमधल्या सभासदांच्या नोंदी काढून त्यात भरणारी मी. माझी म्हणता येईल अशी दुसरी कुठलीही यादी या जगात नाही. मी म्हटलं, आई, थांब, बघते. ती म्हणाली, बघ, शनवारी यादी पक्की व्हनार हाय. आणि फोन ठेवला. ठेवल्यावर माझ्या स्क्रीनवर ‘बाबा’ ही अक्षरं क्षणभर राहिली आणि विझली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा फोन आई वापरते, नंबर तोच आहे, आणि मी नाव बदललेलं नाही. बदलायचं राहून गेलं असं मी कल्पेशला, म्हणजे नवऱ्याला, सांगते. राहून वगैरे काही गेलेलं नाही.

डबा बंद करून मी जागेवर बसले. आमचं ऑफिस पनवेलला उरण नाक्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आहे; खाली मशीन चालू असलं की टेबलाला बारीक थरथर लागते आणि पाण्याच्या बाटलीत वर्तुळं उठतात. त्या वर्तुळांकडे बघत मी आईने तुटक तुटक सांगितलेलं जुळवत बसले. मंगळवारी तिच्या फोनवर मेसेज आला. बोटीचे कागद घेऊन गुरुवारी सकाळी सोसायटीत या, असा. तो मेसेज आम्हीच पाठवला होता. एक ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, त्याआधी सगळ्यांचे कागद नव्या यादीवरून तपासून घ्यायचे असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी, आनंदाकाकांनी, ठरवलं होतं. म्हणून यादीतल्या प्रत्येक नंबरवर मेसेज गेला. आई कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेली. जाताना शेजारच्या वेणूमावशीला विचारलं, तुला आला का ग मेसेज? तिला आला नव्हता. आईने तिलाही बरोबर घेतलं. तिकडे बाकावर सगळी माणसं बसली, आनंदाकाकांनी चष्मा लावला, लॅपटॉप उघडला आणि पहिलं नाव मोठ्याने वाचलं. बुधाजी पांडुरंग नाखवा. वाचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे बाबांचं नाव. तेव्हा आई बाकावरून म्हणाली, हाय. का म्हणाली ते तिचं तिलाही सांगता येईना. मग ती स्वतःच्या नावाची वाट बघत बसली. तीनशे नावं वाचून होईपर्यंत बसली. तिचं आलं नाही, वेणूमावशीचं आलं नाही, गोदूमावशीचं आलं नाही. आनंदाकाका म्हणाले, पनवेलवरून आलं ते मी वाचलं. यादीत नाव नसलं तर एक तारखेला मशीन दाखला काढणार नाही, आणि दाखला नसलेली बोट बंदरातून सोडत नाहीत. मग तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, आईला कोणीतरी म्हणालं की यादी तर तुझ्या पोरीनेच केली. हे मात्र तिने मला सांगितलं नव्हतं. ते मला नंतर कळलं.

सीड फाइल म्हणजे काय हे मी आईला एकदा समजावून सांगायला गेले होते. नवीन ॲप्लिकेशन उभं करताना ते दर दिवशी पूर्ण पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून उभं करायचं असतं, आणि पुसलेल्या ॲप्लिकेशनमध्ये माणसं नसतात, बोटी नसतात, गावं नसतात, कोरी पाटी. ती पाटी रोज सारखीच भरावी म्हणून जुन्या डेटाबेसमधल्या नोंदी काढून एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या. एक कमांड दिली की ती फाइल वाचली जाते आणि सगळी माणसं आपापल्या जागी येऊन बसतात. आणि ज्या दिवशी खरोखर सुरू करायचं त्या दिवशीही त्याच फाइलमधून सुरू करायचं. म्हणजे त्यात जो आहे तो आहे, नाही तो नाही. आई म्हणाली होती, सीड म्हंजे बियानं ना? आपुन कुठं शेती केली? मी हसले होते आणि विषय संपला होता. खरं तर तिने विचारलं ते हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे काही पेरायची रीत नाही. आमच्याकडे जायचं आणि आणायचं. कोण गेलं आणि कोण आलं हे बायका धक्क्यावर उभ्या राहून बघायच्या, तेवढीच काय ती यादी.

मी फाइल उघडली. पहिली ओळ बाबांची. ती तिथे असणार हे मला माहीत होतं, कारण ती तिथे मीच ठेवली होती. नोंदी काढताना मी मशीनला नीट लिहून दिलं होतं की जे सभासद ‘बंद’ झालेत ते घेऊ नकोस, आणि ते बरोबरच होतं. मेलेली माणसं नव्या यादीत कशाला? पण त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. क्रमांक एक मात्र घे. का, ते लिहिलेलं नव्हतं. कामाच्या फाइलमध्ये कारण लिहायची आमची पद्धत आहे, मीच सगळ्यांना ती लावली, आणि या एका ओळीला कारण नव्हतं. गेले पंधरा दिवस सकाळी साडेनऊला ऑफिसात आले की मी पंखा लावते, पाणी पिते आणि ती कमांड देते. सगळं पुसलं जातं, आणि मग काळ्या पडद्यावर पहिली ओळ उमटते. क्रमांक एक, बुधाजी पांडुरंग नाखवा, मोरा, बोट रंभा. त्यांच्यामागून बाकीचे तीनशे. तेवढा क्षण मला पुरायचा. दिवसभर मग मी माणसात असायचे. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. कल्पेशला सांगितलं असतं तर तो काही बोलला नसता, फक्त माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला असता, आणि ते मला नको होतं.

क्रमांक एक त्यांना मीच दिला होता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट हवा होता आणि सोसायटीत नवा कॉम्प्युटर येऊन खोक्यातच पडला होता. बाबा मला तिकडे घेऊन गेले आणि आनंदाकाकांना म्हणाले, माझी पोरगी करून देईल सगळं, तुमी फकस्त चा पाजा तिला. मी दोन महिने जाऊन येऊन ते जुनं सॉफ्टवेअर बनवलं. पहिली नोंद टाकायची वेळ आली तेव्हा बाबा माझ्या मागे उभे राहिले, हात मागे बांधून, आणि शाळेत हजेरी द्यावी तसं छाती काढून म्हणाले, बुधाजी पांडुरंग नाखवा. लिव. मोरा. बोट रंभा. रंभा माझ्या आजीचं नाव. मी पुढचं विचारायच्या आधीच त्यांनी वाकून पडद्यावर स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि काढलं, तर पडद्यावर खवल्याचा एक चकचकीत तुकडा चिकटून राहिला. आनंदाकाका म्हणाले, अरे पुस, नवा हाय तो. तो तुकडा मी नखाने काढला. हे मला इतकं लख्ख आठवतं, आणि त्या दिवशी आई कुठे होती ते मात्र आठवत नाही. बाजारात असणार. ती नेहमी बाजारात असायची. टोपली, बर्फ, चटई, आणि गिऱ्हाईकाशी घासाघीस करणारा तिचा तो खणखणीत आवाज.

माझ्या स्वतःच्या नावात बाबा होते तोवर मला या सगळ्याची गरज पडली नव्हती. लग्न झालं, आम्ही सुकापूरला राहायला आलो, आणि सहा महिन्यांत एकामागून एक सगळीकडे मधलं नाव बदललं. आधार, पॅन, बँक. मी स्वतः रांगेत उभी राहून बदलून घेतलं, कोणी जबरदस्ती केली नाही, उलट एकेक कार्ड नवीन आलं की मला काम उरकल्याचा आनंद व्हायचा. कोमल बुधाजीची कोमल कल्पेश झाले. कल्पेशला मी दिवसातून पन्नास वेळा नावाने हाक मारते, दूध आण, गॅसचा नंबर लाव, तुझे मोजे उचल. बाबा गेले त्यानंतर कधीतरी एका फॉर्मवर मधल्या चौकोनात ‘कल्पेश’ लिहिताना माझा हात थांबला आणि मला वाटलं, आता बाबांचं नाव मी कुठेच लिहीत नाही. कुठेच नाही. अशी माणसं जातात दोनदा. एकदा खरी, आणि एकदा आपण कागद नीट करतो तेव्हा.

पण प्रश्न बाबा का आहेत हा नव्हता. प्रश्न आई का नाही, हा होता. बाबांनंतर सभासदपण आईच्या नावावर झालं, बोट तिच्या नावावर झाली, हे मला ठाऊक होतं. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तिने बोट हाकायला तांडेल ठेवला, खलाशी तेच ठेवले, दोन हंगाम तिने बोट चालवली. मी कौतुकही केलं होतं तोंडभरून. आणि नोंदी काढताना ती यादीत असेल की नाही हे बघायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. ती असणारच. आई कुठे जाते? मी जुना डेटाबेस उघडून तिचं नाव शोधलं. होतं. क्रमांक तीनशे सात. गुणाबाई, मग रिकामा चौकोन, मग नाखवा.

मी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. खालचं मशीन बंद झालं, बाटलीतली वर्तुळं थांबली. मला अर्धवट ओळ खपत नाही. घरात झाकण नसलेला डबा दिसला तरी माझं डोकं फिरतं. नोंदी काढताना मी असं लिहिलं होतं की नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव या तिन्हीतलं काही रिकामं असेल तर ती ओळ कच्ची समज आणि सोडून दे. त्या दिवशी काम संपल्यावर मशीनने मला प्रामाणिकपणे सांगितलंही होतं. वगळलेल्या ओळी, चौदा. मी ते वाचलं. वाचून मी चहा प्यायला गेले. तीनशेमध्ये चौदा, जुना कचरा असेल, असं म्हटलं आणि गेले. आता मी त्या चौदा ओळी एकाखाली एक काढून बघितल्या. गुणाबाई. वेणू. गोदू. चौदाही बाया. चौदाही नवरा गेल्यावर सभासद झालेल्या. आणि चौदांचाही मधला चौकोन रिकामा.

तेव्हा मला रेशनचं ऑफिस आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन, आईचा पदर धरून खिडकीशी उभी. आतला माणूस विचारतो, पूर्ण नाव? आई म्हणते, गुणाबाई नाखवा. तो म्हणतो, नवऱ्याचं नाव सांगा बाई. आई गप्प. तो पुन्हा विचारतो. मागची रांग चुळबुळते. आणि आई माझ्या खांद्याला कोपराने ढोसते, सांग ना ग. मी सांगितलं की ती मान हलवून होकार देते, बरोबर आहे म्हणून. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, दर वेळी हेच. नवऱ्याचं नाव बाईने तोंडाने घ्यायचं नाही. ‘तुझा बापूस’, ‘ते’, ‘घरचे’, ‘नाखवा’, काय वाटेल ते म्हणेल, पण बुधाजी हा शब्द मी तिच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतला असेल तेवढाच. सोसायटीत नाव लावायला ती एकटी गेली असणार. आनंदाकाकांनी विचारलं असेल, नाव? तिने सांगितलं असेल नेहमीसारखं, मधलं गाळून. आणि आनंदाकाकांनी पुढे विचारलं नसेल, कारण विचारायचं काय त्यात? बाबांच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस तो. सगळ्या गावाला माहीत आहे ते कोण लिहीत बसतं? मोऱ्यात माहीत असलेली गोष्ट पनवेलच्या मशीनला माहीत नव्हती, आणि मला, जिला ती जन्मापासून माहीत होती, मला मशीनसारखं वागायची हौस.

मेलेल्या बापासाठी मी एक नियम मोडला आणि जिवंत आईवर दुसरा लावला. हे मी मनातल्या मनात इतक्या स्वच्छ शब्दांत म्हटलं आणि मला स्वतःची लाज वाटली. रडू नाही आलं, लाज वाटली.

अबरार जेवून आला. अबरार म्हणजे आमच्या ऑफिसचा मालक, पण माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, आणि आवाज कधी चढवत नाही. मी त्याला सगळं सांगितलं. क्रमांक एकची ओळसुद्धा सांगितली. एवढं झाल्यावर लपवणार काय? तो खुर्ची ओढून बसला, चौदा ओळी खालपासून वरपर्यंत वाचल्या. मग म्हणाला की त्याची अम्मी, बिल्कीस, अजून त्याच्या अब्बांना ‘अबरारचे अब्बा’ म्हणते, आणि पासपोर्टच्या ऑफिसात तिने साहेबाला सांगितलं होतं, नाव मुलाला विचारा, मी सांगितलं तर चांगलं दिसत नाही. हे सांगताना तो हसला, मीही हसले, आणि हसल्यावर जरा मोकळं वाटलं. मी म्हटलं, मी भरून टाकते आत्ताच, आईचं मला माहीतच आहे, बाकीच्यांचं आनंदाकाकांना फोन करून विचारते, अर्ध्या तासाचं काम. अबरार म्हणाला, नको.

“फोनवर विचारून भरलंस तर पुन्हा तेच झालं, त्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणी सांगितलं. शनिवारी जा. एकेकाला समोर बोलव, आपलं पूर्ण नाव आपल्या तोंडाने सांगू दे, मग टिक कर. फक्त त्या चौदांना नको, सगळ्यांनाच. म्हणजे वेगळं वाटणार नाही.”

मला ते पटलं. पण आईला चारचौघांसमोर उभं करून मी तिला नवऱ्याचं नाव विचारायचं? तिच्या कोपराने ढोसायचा खांदा होता तो माझा. आता मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसणार. शुक्रवारी मी नोंदी नव्याने काढल्या. अर्धी ओळ सोडून दे असा जो नियम होता तो काढला, आणि त्याऐवजी असं लिहिलं की रिकामं असेल तर थांब आणि मला विचार. क्रमांक एकची ओळ मात्र तशीच ठेवली. माझं बोट त्या ओळीवर जायचं आणि परत यायचं. त्या संध्याकाळी कल्पेशने दोनदा विचारलं, काय झालंय, आणि मी दोनदा म्हटलं, काही नाही, शनिवारी मोऱ्याला जायचंय.

शनिवारी सकाळच्या एसटीने निघाले. उलव्याच्या बाजूला आता रस्ता दर महिन्याला नवीन दिसतो. मागच्या वेळी जिथे खड्डा होता तिथे इमारतीचे चार मजले आलेले, मागच्या वेळी जे चार होते ते अकरा झालेले, आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात कसलं तरी नाव. मांडीवर लॅपटॉप, बाहेर बारीक भुरभूर. मी आईशी काय बोलायचं ते जुळवत होते आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य मला वकिलाने लिहून दिल्यासारखं वाटत होतं. चुकून झालं. सिस्टिमने घेतलं नाही. नियमाप्रमाणे. कसलं आलंय नियमाप्रमाणे! खरं एवढंच होतं की मला बाबा हवे होते आणि आई मी गृहीत धरली होती. आई आहेच, आई फोन करतेच, आई सुकट बांधून देतेच. जी रोज असते तिची ओळ कोण तपासतं?

घरी आई ओट्यावर बसून जाळ्याचं भोक सांधत होती. बंदीचे दोन महिने बोट वर ओढून निळ्या प्लॅस्टिकखाली ठेवलेली असते आणि घरोघर हेच काम. तिने वर बघितलं, पाय धू म्हणाली, आत बोंबलाचं कालवण हाय म्हणाली. मी पाय धुतले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि जुळवलेलं सगळं विसरून सांगून टाकलं. की बाबांना यादीत मीच ठेवलं होतं. मुद्दाम. रोज सकाळी त्यांचं नाव पहिलं यावं म्हणून. आणि तुझं नाव माझ्याच हाताने गळलं, मी बघितलंसुद्धा नाही. आईची सुई चालू होती. तिने गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

“ठेवलंस ते ठेवलंस,” ती म्हणाली. “पन एक तारखेला बोट तो नेनार हाय काय?”

ती पुढचं भोक शोधत जाळं सरकवत राहिली आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणाली की मंगळवारी त्याच्या नावाचा मेसेज आला तेव्हा तिने तो पोराटोरांकडून तीनदा वाचून घेतला. मग कपाटातलं चांगलं लुगडं काढलं. त्याला बोलावलंय तर कोणीतरी जायला पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं. आणि गेली म्हणून तर कळलं ना आपण नाही ते. न जाती तर एक तारखेला धक्क्यावर उभं राहून कळलं असतं. मी विचारलं, मग त्यांची ओळ काढू? माझा आवाज मला लहान मुलीसारखा ऐकू आला. आई म्हणाली, काढ. इतकं साधं म्हणाली की मी तिथेच, ओट्यावर, लॅपटॉप उघडून ती ओळ काढली. कारण नसलेली ती ओळ. काढताना हाताला काही वेगळं लागलं नाही. मग मी म्हटलं, तुझा मधला चौकोन रिकामा आहे, तो भरल्याशिवाय मशीन घेणार नाही, मी भरते आत्ताच, सोसायटीत तुला कोणी काही विचारणार नाही.

“तू नको लिवू,” आई म्हणाली. “मी सांगन.”

सोसायटीचं ऑफिस धक्क्याच्या तोंडाशीच. पत्र्यावर पाऊस वाजत होता, कोपऱ्यात नारिंगी लाइफजॅकेटांचा ढीग, आणि ओल्या दोरखंडांचा तो वास, जो बाबांच्या शर्टाला कितीही धुतला तरी असायचा. मला टेबलामागे बसवलं. आनंदाकाकांनी गुरुवारचं काहीच काढलं नाही, फक्त चहा पुढे सरकवताना म्हणाले, चुकलं तर माझंबी हाय, मी लिवायला पायजे होतं, पन बुधाजीचं नाव मी गुणाबाईला काय इचारू? मग एकेक माणूस पुढे यायला लागला. पुरुष भराभरा सांगत होते, नाव, बापाचं नाव, आडनाव, बोट, की मी टिक करायची आणि पुढचा. दीड तास तसाच गेला. मग बायांची पाळी आली आणि वेणूमावशी टेबलाशी येऊन उभी राहिली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. वेणू, असं म्हणाली, आणि थांबली. मागून गोदूमावशीने ढोसलं, बोल ना. वेणूमावशी म्हणाली, तूच बोल माझं, मी बोलते तुझं. आणि तसंच झालं. गोदूमावशीने वेणूमावशीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, वेणूमावशीने गोदूमावशीच्या नवऱ्याचं. दोघी एकमेकींकडे बघून खुदखुदल्या, आणि बाकावरचे म्हातारेसुद्धा हसले. आनंदाकाका म्हणाले, चालेल. अबरारला हे चाललं असतं का मला माहीत नाही. मला चाललं. मी टिक केली. त्यांच्यामागून आणखी अकराजणींनी तीच युक्ती केली, शेजारणीचं शेजारणीने, आणि मला वाटलं, मला आधीच सुचायला हवं होतं, किती सोपं होतं हे.

चौदावी आई होती. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, गुरुवारचंच असणार. वेणूमावशी आपणहून पुढे झाली, आईचं सांगायला, तोंड उघडलंही तिने. आईने हात वर केला, बाजारात गिऱ्हाईकाला थांब म्हणताना करते तसा. ऑफिसात कोणी हसत नव्हतं. मी पडद्याकडे बघत होते, तीनशे सात, आणि कर्सर त्या रिकाम्या चौकोनात उघडमीट करत होता. मला वर बघायचा धीर नव्हता.

“गुणाबाई बुधाजी नाखवा,” आई म्हणाली. बाजारातला तो खणखणीत आवाज. “लिव. मोरा. बोट रंभा.”

मी लिहिलं. ‘बुधाजी’ लिहायला मला वेळ लागला, अक्षरं दिसेनाशी झाली होती, आणि आई टेबलाशी उभी राहून मी लिहिते की नाही ते बघत होती; ती वाचू शकत नाही, तरी बघत होती. ओळ पूर्ण झाली, मशीनने घेतली. मी टिक केली. पुढे कोण, असं आनंदाकाकांनी विचारलं, तर पुढे कोणी नव्हतं.